वेंगुर्ल्याला मुद्दाम कुणी जातं का? (अव्वाला समुद्र दाखवायचाय)

बाळीवेसकर · २० जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इकडं सोलापुरात गड्ड्याची (सिद्धेश्वराच्या यात्रेची) गडबड ओसरली, घरातले पाहुणे गेले, म्हणून निवांत लिहितोय.

आमची अव्वा, म्हणजे आई, ७१ वर्षांची आहे. तिनं अजून समुद्र बघितलेला नाही. श्रीशैलला तीनदा जाऊन आली, काशी झाली, पण पाणी म्हणजे तिच्या लेखी सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा आणि फार तर उजनी. यंदा नंदीध्वजांची मिरवणूक बघायला ओट्यावर बसली होती. मिरवणूक पुढं गेल्यावर एकदम म्हणाली, "माणसांचा समुद्र दरसाल बघते, आता एकदा पाण्याचा बघून घेते." आणि लगेच, "पण गर्दीचा नको."

घरात विषय काढला तर धाकट्या भावाचं गोवा, मेहुणीचं तारकर्ली, ऑफिसातल्यांचं गणपतीपुळे. नकाशा बघत बसलो तेव्हा मालवण आणि गोवा यांच्या मधोमध वेंगुर्ला दिसलं. नाव लहानपणापासून ऐकलंय, काजूच्या पाकिटावर वाचलंय. पण तिथं मुद्दाम जाऊन राहिलेला एकही माणूस आमच्या ओळखीत निघेना. ज्याला विचारावं तो म्हणतो, "हो, वेंगुर्ल्यावरून गेलो होतो की."

तर फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस राहण्यासारखं आहे का? अव्वाचे गुडघे दुखतात. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. घाट कुठला धरावा? आणि सगळे तिथून जातात पण थांबत कुणी नाही, याचं कारण काय?

सातरस्ता · २० जानेवारी, रात्री १०.०५

मालक, सरळ तारकर्लीला जावा. राहायला पाहिजे तेवढी ठिकाणं, मालवणात सिंधुदुर्ग किल्ला. वेंगुर्ल्यात संध्याकाळी सातनंतर काय करणार? म्हातारं माणूस बरोबर आहे, सोयी आधी बघा.

विजापूर_नाका · २० जानेवारी, रात्री १०.३२

विमानाचा विचार केला का? २०२५ च्या जूनपासून सोलापूर–गोवा विमान सुरू झालंय, ते मोपाला उतरतं. मोपा म्हणजे गोव्याचं उत्तरेचं टोक, पेडणे तालुका. बाकीचे सगळे तिथून दक्षिणेला पणजीकडं वळतात. तुम्ही उत्तरेला वळा, तास-सव्वा तासात वेंगुर्ला. अव्वांचे गुडघे बघता दहा तास गाडीत बसण्यापेक्षा बरं पडेल. सध्याचं वेळापत्रक मात्र बघून घ्या. चिपीचं विमानतळ तर वेंगुर्ला तालुक्यातच आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालं.

होटगी_रोड · २० जानेवारी, रात्री ११.१५

मी मुद्दाम गेलेला नाही, पण राहिलेला आहे, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही मालवणला निघालो होतो. आगाऊ पैसे भरून खोली घेतली होती. रात्री आठला दारात पोचलो तर त्या हॉटेलवाल्यानं खोली दुसऱ्याला दिलेली. बरोबर बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. गावात कुठंही जागा नाही. कुणीतरी म्हणालं, वेंगुर्ल्याला जा, तिथं मिळेल. परुळ्यावरून अंधारात गेलो. साडेदहाला उभादांड्यात एका घराचं दार वाजवलं. त्या काकूंनी आधी मुलाला पेज दिली आणि मग भाड्याचं विचारलं.

सकाळी सहाला आरडाओरड ऐकून बाहेर आलो. रापण लागली होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल काढून येते, दोराचं एक टोक किनाऱ्यावर इथं, दुसरं लांब तिकडं. मग दोन्हीकडं पंधरा-वीस माणसं दोर ओढतात. नुसत्या हातानं नाही ओढत, कमरेला फळी-दोरी अडकवून पाठमोरं एकेक पाऊल मागं यायचं. शेवटचा माणूस वर पोचला की सुटतो आणि पुन्हा पाण्याकडं जाऊन पुढं लागतो. हळूहळू दोन्ही टोळ्या एकमेकींजवळ सरकत येतात. तास-दीड तास चालतं.

मुलगा जाऊन दोराला लागला. मीही लागलो. दोर ओला आणि वाळूनं असा खरखरीत, की पाच मिनिटांत तळहात लाल. जाळ्याचा घोळ जवळ आला तशा वर घारी फिरायला लागल्या. शेवटी पाणी अचानक चांदीसारखं हललं. बांगडे, पेडवे, मधेच एखादा म्हाकूल. वाटे पाडताना एका म्हाताऱ्या रापणकारानं दोन बांगडे कल्ल्यात बोट घालून उचलले आणि मुलाच्या हातात दिले. म्हणाला, "ओढलंस ना? मग वाटो तुझो."

त्या मुलाला मालवणातलं काहीही आठवत नाही. ते दोन बांगडे आठवतात.

संध्याकाळी बंदरावर गेलो. धक्क्यावर गावातली माणसं नुसती येऊन बसतात. कुणी काही विकत नाही, कुणी फोटोसाठी ढकलत नाही. सूर्य बुडाला की उठून घरी जातात.

नवी_पेठ · २१ जानेवारी, सकाळी ८.५०

होटगी_रोड यांचा अनुभव चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला पाहिजे. आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात गेलो होतो. दोन मुलं, १३ आणि १६. दुसऱ्या दिवशी दुपारीच "आता पुढं काय?" सुरू झालं. पाण्यातले खेळ जवळपास नाहीत. काही किनाऱ्यांना उतार जास्त आहे, लाट पाय ओढते. जीवरक्षक मला तरी दिसला नाही. डच वखार बघायची म्हणून मी एवढ्या हौसेनं गेलो, तर भिंतींतून झाडं उगवलेली, छप्पर नाही, गवत कमरेएवढं. साडेतीनशे वर्षांहून जुनी वास्तू, चार ओळींची नीट माहितीही मिळू नये? वाईट वाटलं. गावात जपण्यासारखं आहे आणि जपलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

पांजरापोळ · २१ जानेवारी, सकाळी ९.२०

मे महिन्यात कोकणात गेलं की सोलापूरकराला सोलापूरची आठवण येते. ४४ अंश परवडले, पण तो घाम नको. फेब्रुवारी चांगला.

जुनी_मिल · २१ जानेवारी, दुपारी १.१०

बाळीवेसकर, "थांबत कुणी नाही" या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दात: रेल्वे.

डचांनी वेंगुर्ल्यात १६३७ मध्ये बस्तान बसवलं. त्या काळात त्यांचं आरमार गोव्याची कोंडी करून समुद्रात उभं असायचं, आणि त्याला पाठबळ या बंदराचं होतं. शिवरायांच्या राज्याभिषेकाची बातमी कळवणारं डचांचं १६७४ चं पत्र वेंगुर्ल्याच्या वखारीतूनच गेलंय. नवी_पेठ ज्या पडक्या भिंतींबद्दल लिहितात, त्यांच्या आत बसून कुणीतरी रायगडावर काय घडलं ते लिहीत होतं. पुढं १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडं गेलं. बेळगावला लष्कराची छावणी, तिचं सामान वेंगुर्ल्याला उतरायचं आणि बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट चढायचं. घाटावरचा माल त्याच वाटेनं खाली यायचा.

मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून लोहमार्ग घाट चढून वर आला. बेळगावला आगगाडी आली. ज्या बंदरात रूळ पोचले ते मोठं झालं, ज्यात पोचले नाहीत तिथल्या गाड्यांच्या रांगा आटल्या. शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली. १९९८ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा स्टेशनं मिळाली कुडाळला आणि सावंतवाडीला. मुंबई–गोवा महामार्गही आतल्या बाजूनंच जातो. वेंगुर्ल्याला जायचं तर २५-३० किलोमीटर वाट वाकडी करावी लागते.

आता आपल्याकडं बघा. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, आणि गावाचं गिरणगाव झालं. ज्या रुळांनी आपलं शहर उभं केलं, तसल्याच रुळांनी तिकडं एक बंदर रिकामं केलं. म्हणून मला वेंगुर्ल्याबद्दल वाचताना परकं वाटत नाही.

लष्कर_चाळ · २१ जानेवारी, दुपारी २.०५

जुनी_मिल, बरं लिहिलंत. आमचे वडील मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. मिल बंद पडल्यावर भोंगा वाजायचा थांबला, तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून अंगणात उभे राहायचे. जाणार कुठं? होटगी_रोड यांनी लिहिलंय ना, माणसं धक्क्यावर नुसती येऊन बसतात. ते वाचून मला वडीलच दिसले.

माहेर_वेंगुर्ला · २१ जानेवारी, दुपारी ४.४५

धागा वाचून राहवलं नाही. मी वेंगुर्ल्याची. सासर सोलापूर, जोडभावी पेठ, बावीस वर्षं झाली. इथं कुणी "माहेर कुठलं" विचारलं आणि मी वेंगुर्ला म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे मालवणजवळ?" किंवा "म्हणजे गोव्याजवळ?" बावीस वर्षांत एकदाही कुणी "म्हणजे मालवण वेंगुर्ल्याजवळ" असं म्हटलेलं नाही.

बाळीवेसकर दादा, अव्वांच्या जेवणाची काळजी करू नका. आमच्याकडे शाकाहाराला शिवराक म्हणतात, आणि सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण धरले तर मासे खाणाऱ्या घरातही अर्धा महिना शिवराकच शिजतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. कुळथाची पिठी, भात. सकाळी घावणे. गोड म्हणून शिरवाळे: तांदळाच्या गरम शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून. आणि तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी जाताय म्हणजे ओले काजूगर आलेले असतील. काजूगरांची उसळ एकदा खाल्लीत की सुक्या काजूकडं बघणार नाही. भांडीसुद्धा वेगळी हवी असतील तर खोली ठरवतानाच तसं सांगा. मासे न शिजवणारी घरंही आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर सागरेश्वरच्या किनाऱ्याला गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, सुरूच्या सावलीत बसता येतं. नवी_पेठ म्हणतात ते खरं आहे, पाण्यात कमरेपर्यंतसुद्धा जाऊ नका, पाय भिजवा आणि मागं या. बंदर संध्याकाळी. आरवलीला वेतोबाला नक्की न्या. नऊ फुटी उभी मूर्ती, नवस केळ्यांच्या घडाचा आणि चामड्याच्या चपलांचा. त्या चपला बघून लहान मुलं बोलायची थांबतात, एवढ्या मोठ्या असतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, असं आम्ही लहानपणी ऐकायचो. मी स्वतः तळवा उलटा करून बघायचा हट्ट केला होता आणि आजीचा धपाटा खाल्ला होता. रेडीचा गणपती आणखी पुढं. खाणीच्या भागात १९७६ मध्ये सापडलेली द्विभुज मूर्ती. एका दिवसात शिरोडा, आरवली, रेडी आरामात होतं.

कडक_भाकरी · २१ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

ताई, काजूगरांच्या उसळीबरोबर आपली कडक भाकरी कशी लागेल? मनापासून विचारतोय.

माहेर_वेंगुर्ला · २१ जानेवारी, संध्याकाळी ६.५८

लग्नानंतर पहिल्याच वर्षी करून बघितलंय. भाकरी चुरून उसळीच्या रसात पाच मिनिटं ठेवायची. आमच्या सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. उलट दिशेलाही प्रयोग झालाय: माहेरी जाताना दरवेळी दोन किलो शेंगाचटणी नेते, भावाची मुलं ती पेजेबरोबर खातात.

कडक_भाकरी · २१ जानेवारी, संध्याकाळी ७.०२

आता झोप येणार नाही.

चार_पुतळे · २१ जानेवारी, रात्री ९.१५

शिरोड्याचा उल्लेख आला म्हणून एक जोडतो. १९३० चा मे महिना आठवा. इकडं सोलापुरात लोक रस्त्यावर आले आणि सरकारनं मार्शल लॉ लावला. त्याच मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. आपले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. शिरोड्याच्या सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. दांडी सगळ्यांना पाठ असते. शिरोडा मात्र कोकणाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, जसं मार्शल लॉचं सोलापूर सोलापूरबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. तिकडं गेलात तर मिठागरं बघा. चौकोनी वाफ्यांत पाणी वाळत असतं, कडेला मिठाच्या राशी. मूठभर मीठ विकत घेऊन या.

सांगोल्याचा_डाळिंबवाला · २२ जानेवारी, सकाळी ७.३०

शेतकऱ्यांच्या नजरेतून थोडं. वेंगुर्ल्याला कुणी थांबत नाही म्हणणाऱ्यानं कोकणातल्या कुठल्याही काजू बागायतदाराला विचारावं. तिथलं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं, आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली आहे. काजूच्या वेंगुर्ला-१ पासून पुढच्या सगळ्या जाती त्यांच्या. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ तर कलमवाल्याकडं सगळ्यात आधी मागतात. वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, गावठी बी तिच्या निम्मीसुद्धा नसते. आंब्यात रत्ना (नीलम आणि हापूसचा संकर) आणि त्याच्या पुढची जवळजवळ बिनकोयीची सिंधु, दोन्ही तिथल्याच. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे.

मी चार वर्षांपूर्वी तिथं गेलो होतो. आपल्याकडं केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यामुळं अशा ठिकाणी काय विचारायचं ते ठाऊक होतं. एका माणसानं कलम करून दाखवलं. कोवळी काडी पाचरीसारखी तासली, रोपाच्या चिरेत बसवली, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी आयुष्यभर हेच काम करतोय, तरी त्याच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

नान्नजचा_माळ · २२ जानेवारी, सकाळी १०.१०

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांसाठी: वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, तिथं दीपगृह आहे. त्यातल्या एका बेटाच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेनं घरटं बांधतात. त्या घरट्यांना परदेशात सूपसाठी प्रचंड भाव, म्हणून तिथं चोरी व्हायची. २००० नंतर अभ्यासकांनी, वन खात्यानं आणि स्थानिकांनी मिळून राखण केली. बेटावर हौसेनं जाऊ नका, पक्ष्यांना त्रास होतो. माळढोकाचं अभयारण्य घराजवळ असूनही माळढोक दिसेनासा झाला, ते दुःख आपल्याला माहीत आहे.

रामवाडी · २२ जानेवारी, दुपारी १२.४०

एक विनंती करू का? वेंगुर्ल्याचं एवढं कौतुक उघड्यावर करू नका. मी तारकर्ली वीस वर्षांपूर्वी बघितलीय आणि आत्ताही बघितलीय. किनाऱ्यावर आता माणूस माणसाला दिसत नाही. एक तरी गाव शांत राहू दे. ज्याला सापडेल त्याला सापडेल.

सातरस्ता · २२ जानेवारी, दुपारी १२.५५

रामवाडींशी सहमत. आणि हे मी, पहिल्याच प्रतिसादात तारकर्ली सुचवणारा, म्हणतोय.

माहेर_वेंगुर्ला · २२ जानेवारी, दुपारी ३.२०

रामवाडी दादा, तुम्ही प्रेमानं लिहिलंय हे कळतं, तरी मला हे सोडता येत नाही.

माझा भाचा हॉटेलचं शिक्षण घेतलेला मुलगा आहे. रोज सकाळी साडेसहाला दुचाकी काढून आरोंद्यावरून गोव्यात कामाला जातो, रात्री दहाला परत. वाटेत पाऊस, गुरं, अंधार. त्याची आई तो येईपर्यंत पडवीत बसून असते. ज्या खोल्यांत तो चादरी घालतो (बऱ्याचदा आपल्या सोलापुरी चादरीच त्या) तशी एक खोली आमच्या वाडीत चालली असती तर तो घरी जेवला असता. माझ्या वडिलांच्या लहानपणी मुंबईची बोट लांब समुद्रात थांबायची, पडावात बसून माणसं बोटीवर चढायची. पुढं बोट बंद झाली, माणसं जायची थांबली नाहीत. आमच्या आळीत आता अकरा घरांपैकी पाच घरांना कुलूप आहे. तुम्हाला जी शांतता आवडते, त्यात या कुलपांचाही वाटा आहे.

सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर केलं. तेव्हा मी कॉलेजात होते, आम्ही पेढे वाटले होते. लोकांनी यावं असं मला वाटतं. कसं यावं, त्याबद्दल म्हणणं आहे. घरगुती खोलीत राहा. काजू सोलणाऱ्या बाईकडूनच काजू घ्या. रापण दिसली तर मासळी तिथंच घ्या, कारण मोठ्या यांत्रिक बोटींमुळं रापणीला मासळी कमी लागते. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, तरी भांडण संपलेलं नाही. आणि कचरा टाकू नका. आमच्या छोट्या नगरपरिषदेनं कचऱ्याचं इतकं बारीक वर्गीकरण केलं की कचरा डेपो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं. माहेरी गेले की माझी वहिनी चहाची पिशवी कुठल्या डब्यात टाकायची ते मला शिकवते. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

रामवाडी · २२ जानेवारी, दुपारी ४.०५

ताई, कुलपांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं म्हणणं मागं घेतो.

पंढरपूर_फाटा · २२ जानेवारी, रात्री ८.३०

रस्त्याचं कुणीच नीट सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो. दोन वाटा.

एक: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. तिथं मुक्काम, सकाळी अंबाबाईचं दर्शन. मग गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. दुसरी: विजयपूर, बेळगाव आणि तिथून आंबोली. दोन्हीकडून चारशे किलोमीटरच्या आसपास. अव्वांना कन्नड येत असणारच, तर दुसऱ्या वाटेनं जा. बेळगावपर्यंत चहावाल्यापासून सगळ्यांशी गप्पा मारत जातील, वेळ कळणार नाही. शिवाय जुनी_मिल यांनी लिहिलेली बैलगाड्यांची वाट तीच. आंबोली उजेडात उतरा.

बाळीवेसकर · २३ जानेवारी, सकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री अख्खा धागा अव्वाला वाचून दाखवला. विमान नको म्हणाली, "वरून बघितलेला समुद्र मोजायचा नाही." बेळगावची वाट ठरली. माहेर_वेंगुर्ला ताईंना निरोप पाठवलाय.

बाळीवेसकर · ६ मार्च, रात्री १०.२०

जाऊन आलो. धागा अर्धवट सोडायचा नाही म्हणून लिहितोय.

बेळगावच्या पुढं एका टपरीवर अव्वानं त्या बाईशी पाऊण तास गप्पा मारल्या, निघताना तिनं आम्हाला कोथिंबिरीची जुडी दिली. सावंतवाडीत ऊन कलत होतं. वेंगुर्ल्याला थेट बंदरावर नेलं. गाडीतून उतरली, धक्क्याच्या कडेला पायरीवर बसली. मला वाटलं काहीतरी बोलेल. बराच वेळ काही नाही. मग विचारलं, "रात्रीपण हे असंच चालू असतं?" मी हो म्हटलं. "मग रात्री आण मला."

रात्री नऊला पुन्हा नेलं. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज. तिनं डोळे मिटले होते. परतताना म्हणाली की मिलच्या मागं राहायचो तेव्हा रात्रपाळीच्या साच्यांचा आवाज असाच यायचा, आणि तो बंद झाला तेव्हा तिला कित्येक रात्री झोप लागली नव्हती. हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला सांगण्यासारखा प्रसंगच आला नसेल.

चार रात्री राहिलो. सागरेश्वरला पाय भिजवले, लाट खरंच ओढते, दोघांनी दोन्ही हात धरले होते. वेतोबाच्या चपलांना अव्वानं दोन वितींनी माप लावून बघितलं. शिरोड्याहून मीठ आणलं, चार_पुतळे यांच्यासाठी एक पुडी बाजूला ठेवलीय. डच वखारीतलं गवत वाळलं होतं, फिरता आलं, पण भिंतींतली झाडं तशीच. नवी_पेठ यांचं म्हणणं खरं आहे, ती वास्तू अशी ठेवायची नाही. रात्री आठनंतर गावात करण्यासारखं काही नाही, तेही खरं. तेरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर विचार करून जा.

सगळ्यात जास्त वेळ अव्वा कुठं होती सांगू? आम्ही राहिलो त्या घराच्या मागच्या पडवीत. तिथं सकाळी दोन बायका ओले काजू सोलायला बसायच्या. विळीवर बी उभी चिरायची, काडीनं गर अख्खा काढायचा, तुटला तर भाव कमी. हाताला राख चोळून घ्यायच्या, कारण सालीचा चीक कातडं भाजतो. अव्वा पहिल्या दिवशी बघत बसली, दुसऱ्या दिवशी राख मागून घेतली. तिला मालवणी कळत नव्हतं, त्यांना तिचं कन्नडमिश्रित मराठी कळत नव्हतं, पण तिन्ही दिवस दहा ते बारा बोलणं चालू. तिसऱ्या दिवशी तिचे गर अख्खे निघायला लागले. मोजून साठ काढले. त्या बाईनं ते वेगळ्या पानात बांधून तिलाच दिले, पैसे घेतले नाहीत.

उसळ सोलापुरात येऊन केली. कडक_भाकरी, तुमची कल्पना शंभर टक्के चांगली आहे.

थांबत कुणी नाही याचं कारण विचारलं होतं. रेल्वे, महामार्ग हे तुम्ही सांगितलंच. मला तिथं बसून आणखी एक वाटलं: त्या गावात बघून पुढं जाण्यासारखं फारसं नाही, बसून राहण्यासारखं आहे. आणि बसून राहायला आम्ही कुठंच जात नाही. अव्वा होती म्हणून बसलो.

ताई, एक विचारायचं होतं. अव्वाच्या दोन बोटांवर चिकाचे काळे डाग पडलेत. साबण, लिंबू सगळं झालं, जात नाहीत. काय लावावं?

माहेर_वेंगुर्ला · ६ मार्च, रात्री १०.४१

खोबरेल लावत राहा दादा, पंधरा दिवसांत कातडीबरोबर जातील. लिंबू नको, झोंबेल. अव्वांना नमस्कार सांगा.

बाळीवेसकर · ६ मार्च, रात्री १०.५०

सांगितलं. खोबरेल नको म्हणतेय. उद्या अक्कलकोटची बहीण येणार आहे, तिला दाखवायचे आहेत.